प्रिलिमचे आठ मार्क

घाबरल्याशिवाय पोरी अभ्यास करत नाहीत, हे माझं ठाम मत. म्हणून दरवर्षी प्रिलिम परीक्षेत मी प्रत्येकीचे आठ मार्क मुद्दाम जास्तीचे कापायची. आकृती वाकडी? गेले दोन. 'साध्य' लिहायला विसरली? गेले आणखी. नगरच्या आमच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवणारी मी एकटीच, त्यामुळे विचारणारं कोण? पोरी रडायच्या, चार दिवस फुगून बसायच्या, मग मुकाट्यानं गणितं सोडवायच्या आणि मॅट्रिक पास व्हायच्या.

सेहेचाळीस साली मात्र हेडमास्तर मार्तंडरावांना शंभर टक्के निकालाचं खूळ लागलं. प्रिलिमचे मार्क लागल्यावर त्यांनी हुकूम काढला, जी नापास, तिचा मॅट्रिकचा फॉर्म शाळा पाठवणार नाही. अठरा मुलींत अडकली एकटी मलिका. पास व्हायला पस्तीस लागत, तिला गणितात एकोणतीस. तशी चिठ्ठीही तिच्या घरी गेली. खाली सही माझी.

फॉर्म पाठवायचा शेवटचा दिवस शनिवार. शुक्रवारी मला कळलं की तिच्या वडिलांनी, नूरमहंमद पिंजाऱ्यांनी, तिच्या लग्नाचं बघितलंय आणि खर्ड्याची मंडळी दुसऱ्याच दिवशी तारीख पक्की करायला येतायत. अगं बाई, हे काय करून बसले मी!

शनिवारी सकाळची शाळा भरली तशी मी तडक हेडमास्तरांच्या खोलीत शिरले.

"मलिकाचे मार्क चुकलेत," मी म्हटलं.

"शेवटच्या दिवशी मार्क वाढवता, नीलांबरीबाई? लोक शेण घालतील तोंडात."

"तिच्या एकटीचे नका वाढवू. अठराही जणींचे वाढवा. प्रत्येकीचे आठ मी घाबरवायला कापलेत."

मार्तंडरावांनी चष्मा काढला. "हे मी ऐकलं नाही."

"मग लेखी देते." त्यांच्याच टेबलावरचा कागद ओढून मी खरडलं आणि सही ठोकली.

"बाई, हा कागद संस्थेपुढे गेला तर नोकरीवर गदा येईल."

"येऊ दे! चूक माझी आणि वर्ष तिनं घालवायचं? हा कुठला न्याय? माझे मार्क खरे नाहीत म्हटल्यावर एक तर अठराही फॉर्म अडवा, नाहीतर अठराही पाठवा. त्यात आपल्या चिटणिसांची पुतणी पण आहे, बघा बरं."

त्यांचं तोंड एवढंसं झालं. मलिकाच्या फॉर्मवर त्यांनी सही केली, माझा कागद मात्र खणात ठेवला. सोमवारी संस्थेपुढे ठेवतो म्हणाले. खुशाल ठेवा म्हटलं.

मलिकाला व्हरांड्यात बोलावून मी सगळं सांगितलं. वाटलं, पोरगी आनंदेल. ती लालबुंद झाली.

"म्हणजे मी नापास नव्हतेच?"

"नव्हतीस."

"घाबरवायला कापलेत ना बाई? मी नाही घाबरले. अब्बा घाबरले. फॉर्मवर त्यांची पण सही लागते. आता तुम्हीच चला माझ्या घरी."

एरवी एखादीनं असा आवाज चढवला असता तर मी तिला बाकावर उभी केली असती. त्या दिवशी निमूट चपला घातल्या.

खर्ड्याची मंडळी ओसरीवर चहा पीत होती. नूरमहंमदभाईंच्या अंगावर अजून कापसाचे तंतू होते. मी उभ्या उभ्या फॉर्म पुढे केला आणि सांगितलं, "भाई, चिठ्ठी खोटी होती. मलिका पास आहे. हेडमास्तरांची सही झालीय, तुमची हवी."

"तुमीच लिवलं हुतं ना बाई, नापास म्हनून?"

"मीच. खोटं लिहिलं. शरम वाटते मला."

पाहुण्यांतला म्हातारा हसला. "मास्तरीनबाई, आमाला सून पायजे. दोन बुकं कमी शिकली तर काय बिघडतंय?"

"बिघडतं," मलिका मधे पडली. "अब्बा, मी परीक्षेला बसणार. सही करा."

नूरमहंमदभाईंनी लेकीकडे नीट पाहिलं. "बेटा, आन् खरंच नापास झालीस तर?"

"झाले तर माझ्या हातानं होईन. दुसऱ्या कुणाच्या नाही."

ती बोलली अब्बांशी, पण बघत होती माझ्याकडे. इतकी वर्षं शिकवून असं कुणी मला सुनावलं नव्हतं, आणि एक अक्षर खोटं नव्हतं त्यात.

"तारीख मार्चनंतर बघू," नूरमहंमदभाई पाहुण्यांना म्हणाले. माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली.

मलिकानं फॉर्म उचलला आणि माझ्यासाठी न थांबता भराभरा शाळेची वाट धरली.