ओदालिसचा बेडूक

वर्षाच्या शेवटच्या अंकासाठी कारेलिसने संपादकीय लिहिलं, त्याला ‘प्रगतीचं आणि बदलांचं वर्ष’ असा मथळा दिला आणि ते शुद्धलेखनासाठी माझ्याकडे पाठवलं. आमच्या प्राणिशास्त्राच्या संशोधनपत्रिकेत मजकूर तपासायचं काम मी इतकी वर्षं करतेय, की लोक मला तिथलं फर्निचर समजतात. संपादकीयात खोटं काहीच नव्हतं. तरी वाचताना कागद टराटरा फाडावासा वाटला. पण कागद होता कुठे? सगळं पडद्यावर.

आमचे आधीचे संपादक जानेवारीत मुलाकडे चिलीला गेले. आमच्या विद्यापीठात निरोपसमारंभ करायचंही आता कुणी मनावर घेत नाही, रोज कोण केक आणणार? त्यांच्या जागी डॉक्टर कारेलिस मोन्साल्वे आली. तिशीतली, हुशार, कुठेही गेली असती तर कुणीही ठेवून घेतली असती. ती देश सोडून न जाता राहिली, म्हणून मला ती पहिल्यापासून आवडली, आणि तिच्यावर चिडचिडही मी पहिल्यापासूनच केली.

“सेन्योरा नेलिदा, संशोधनपत्रिकांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत आपलं नाव आलं नाही तर डिसेंबरात इथे कुलूप,” ती म्हणाली. “कुलगुरूंनी तोंडावर सांगितलंय.”

“कुलूप आणायला तरी पैसे आहेत का त्यांच्याकडे?” मी म्हटलं.

ती हसली आणि कामाला लागली. वेबसाइट नवी केली. परीक्षकांना लेखकाचं नाव कळू नये आणि लेखकाला परीक्षकाचं, अशी शिस्त लावली. छापील अंक बंद केला. छापखान्याचं यंत्र तसंही मोडून पडलं होतं आणि कागद मिळत नव्हता. मी चार दिवस तोंड फुगवून बसले. तिने दुर्लक्ष केलं, ते बरंच केलं.

मार्चमध्ये प्रोफेसर उस्कातेगी आले. निवृत्त होऊन त्यांना जमाना झाला होता. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला लेख त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. आमच्या वरच्या धुक्याच्या जंगलातला एक बेडूक, नखाएवढा, जगाला अजून अनोळखी. त्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला होता त्यांच्या मुलीने, ओदालिसने, विद्यार्थिनी असताना. बेडकाला त्यांनी तिचंच नाव दिलं होतं.

ओदालिस तीन वर्षांपूर्वी उत्तरेकडे निघाली होती, सगळे जातात तशी, कामाच्या शोधात सीमा ओलांडत, जंगलातून चालत. कोलंबियातल्या नेकोक्लीच्या धक्क्यावरून तिने आवाजी निरोप पाठवला: होडीची वाट बघतेय, इथे मासा फार खारट करतात. त्यानंतर काही नाही. इस्पितळांत नाही, छावण्यांत नाही, मेलेल्यांच्या यादीतही नाही. तिच्यासाठी चर्चमध्ये प्रार्थना ठेवू द्यायला तिची आई, दोन्या रोसाल्बा, तयार नव्हती. मेल्याशिवाय कसली प्रार्थना, म्हणायची.

“नाव एकदा लागलं की लागलं, सेन्योरा नेलिदा,” प्रोफेसर म्हणाले. “शंभर वर्षांनी जपानमधला कुणी पोरगा या बेडकावर चार ओळी लिहील ना, त्यालाही माझ्या मुलीचं नाव घ्यावंच लागेल. न घेऊन जाईल कुठे!”

ते इतक्या आनंदाने बोलले की मला उठून खिडकीपाशी जावं लागलं.

मे महिन्यात लेख वेबसाइटवर आला. दोन्या रोसाल्बाने गल्लीत घरोघरी सांगितलं आणि आमच्यासाठी चीज भरलेले पास्तेलितो पाठवले. आता सगळ्या जगाने त्याला ओदालिस म्हणायचं, असा हुकूमच निघालाय, असं ती पाववाल्यालाही सांगत होती.

सप्टेंबरात आर्नुल्फोचा फोन आला. प्रोफेसरांचा जुना विद्यार्थी, आता सीमेपलीकडे कोलंबियात शिकवतो. त्याने फोन कारेलिसला केला, पण ती नेहमी स्पीकर लावून बोलते, त्यामुळे मला सगळं कळलं.

“त्या नावाची नोंदणी केली नाहीत तुम्ही?” तो विचारत होता.

“कसली नोंदणी?” कारेलिस म्हणाली, आणि बोलता बोलताच तिचा चेहरा उतरला.

प्राण्याला नाव देण्याचे कायदे आहेत. छापील अंक निघाला, ग्रंथालयांत पोचला, की नाव पक्कं. आमचं आजवर तसंच चाललं होतं. प्रोफेसरांनी आयुष्यभर बेडकांना नावं दिली ती याच रीतीने, त्यांना कधी कुठे नोंद करावी लागली नव्हती. पण अंक नुसता वेबसाइटवर असेल, तर नाव आधी जागतिक नोंदणीत घालायचं आणि तो क्रमांक लेखातच द्यायचा. कारेलिसला वाटलं, एवढे मोठे लेखक, त्यांनी केलंच असेल. छपाई बंद झाल्याने काही बदलतं हे प्रोफेसरांच्या डोक्यातच आलं नाही. कायद्याच्या दृष्टीने ओदालिस नावाचा बेडूक नव्हताच.

“आणखी ऐक,” आर्नुल्फो म्हणाला. “दुसऱ्या एका गटाला तोच बेडूक सीमेच्या आमच्या बाजूला सापडलाय. लेख तपासायला माझ्याकडेच आला होता. हे सांगणं पाप आहे, पण सांगतो. आता कधीही बाहेर पडेल. धावा.”

करायचं होतं ते दिवसभराचं काम. नोंदणी करायची, क्रमांक घालून लेख पुन्हा प्रसिद्ध करायचा. पण त्याच आठवड्यात कुणीतरी तांब्यासाठी केबल कापून नेली होती. इंटरनेट नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून वीजही नाही. प्रोफेसरांना आम्ही काही सांगितलं नाही. नीट करू आणि मग सांगू, असं ठरवलं.

गाजरांच्या ट्रकमध्ये बसून आम्ही खालच्या गावी गेलो. तिथल्या औषधाच्या दुकानात जनरेटर होता. कारेलिसने दुकानदाराला हात जोडले.

“डॉक्टर आहात तर औषध लिहून द्या की, फुकट बसू देतो,” तो म्हणाला.

“बेडकांची डॉक्टर आहे हो मी,” ती म्हणाली, आणि रडायलाच लागली. तो घाबरला, त्याने खुर्ची दिली, कॉफी दिली, दुकान बंद करायची वेळ झाली तरी आम्हाला उठवलं नाही. नोंदणी झाली. क्रमांक मिळाला. आम्ही दोघींनी एकमेकींना मिठी मारली, आणि मग कारेलिसच्या लक्षात आलं. लेख चढवायचा होता आमच्या वेबसाइटवर, आणि ती ज्या यंत्रातून चालते ते आमच्या इमारतीच्या तळघरात, अंधारात, बंद पडलेलं होतं.

परत आलो आणि वाट बघत बसलो. कारेलिस वीज कार्यालयात जाऊन भांडून आली. मी देवाची खुशामत केली, जी मी सहसा करत नाही. केबल जोडून झाली, वीज आली, तेव्हा वेबसाइट सुरू व्हायच्या आत आर्नुल्फोचा निरोप आला. त्यांचा लेख आदल्या दिवशी निघाला होता. बेडकाला दुसरंच नाव लागलं होतं.

त्याच दुपारी दुसरंही पत्र आलं. आमची पत्रिका आंतरराष्ट्रीय सूचीत घेतली होती. कारेलिसने ते मोठ्याने वाचलं आणि टेबलावर डोकं टेकलं.

प्रोफेसरांना बोलावून घेतलं. त्यांनी चष्मा पुसला आणि त्या लोकांचा लेख पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

“चांगलं काम आहे,” ते म्हणाले. “आवाज माझ्यापेक्षा नीट मोजलाय.”

“प्रोफे, मला शिव्या द्या,” कारेलिस म्हणाली. “काहीतरी बोला हो.”

“काय बोलू, डॉक्टर? मलाही माहीत असायला हवं होतं. मी वाचलंच नाही ते.” ते उठले, टोपी शोधू लागले. ती त्यांच्या हातातच होती. “सेन्योरा नेलिदा, रोसाल्बाला तुम्ही सांगाल का? मला नाही जमायचं. मी इथेच बसतो.”

मला संताप आला होता, तांबं चोरणाऱ्यांचा, कायदे करणाऱ्यांचा, त्या शहाण्या गटाचा, ज्यांनी काही चुकीचं केलं नव्हतं त्यांचासुद्धा. तो संताप घेऊनच मी चढ चढले.

दोन्या रोसाल्बा स्वयंपाकघरात पिस्का सूपसाठी बटाटे सोलत होती. मला बघून तिने आधी माझ्यासाठी कॉफी ठेवली. मी सगळं सांगितलं, नोंदणी, केबल, वीज. ती बटाटे सोलत राहिली.

“म्हणजे आता कुणाला तिचं नाव घ्यावं लागणार नाही,” ती म्हणाली.

“नाही.”

“मग काय नाव पडलं त्याचं?”

“ज्यांनी त्या मोहिमेला पैसे दिले ना, त्यांच्या बायकोचं.”

तिने सुरी खाली ठेवली. “तीही सापडत नाहीये का?”

“नाही, दोन्या रोसाल्बा. ती असेल की तिच्या घरी.”

“घरी आहे?” ती माझ्याकडे बघत राहिली. “मग तिला कशाला हवं होतं?”