नागनाथअण्णांचा टोप

मित्रांनो, स्नेहसंमेलनात तुम्ही ज्याला ओढाओढी करून डोक्यावर चढवता आणि काम झालं की कोपऱ्यात भिरकावता, तो केसांचा टोप मी. जुना झालोय, विरळ झालोय. बंगळूरच्या चिकपेटेत नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्या दुकानात खुंटीवर लटकतो. गोड बोलणं मला जमत नाही. तरी ऐका.

देवाला वाहिलेल्या केसांतून हुबळीच्या एका कारागिराने मला घडवलं. जाळीवर एकेक बट गाठ मारून बसवली. मला विकत घेतलं नागनाथअण्णांनी. अण्णा विजापूरकडचे, मल्हाररावांच्या नाटक कंपनीतले नट. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि रंगमंचावर दोन्ही! मला मागे फिरवलं की ते सरदार, कपाळावर ओढलं की गावगुंड, अंबाडा खोचला की सासू. आणि सासू अशी खाष्ट, की पुढे बसलेल्या बायका बोटं मोडायच्या. नाटक सुटल्यावर त्याच बायकांच्या शेजारून अण्णा निघून जायचे. एकीला ओळख पटेल तर शपथ.

दर प्रयोगाला मला नवा रंग, नवा भांग. दुसऱ्या दिवशी रिठ्याने धुतलं की मी पुन्हा कोरा. कंपनीची रीतच ती. त्या रीतीनेच घात केला.

साल अठ्ठावन्न असेल. कंपनीचा तंबू यशवंतपुरात पडला होता आणि अण्णांना सिनेमाचं बोलावणं आलं. नायकाच्या थोरल्या भावाचं काम. चांगलं मोठं. अण्णा चाळिशीला टेकलेले, तंबूतली गर्दी रोज थोडी आटत चाललेली. हे काम हातचं गेलं तर पुन्हा कोण विचारणार? अण्णांच्या बायकोला, गंगव्वाला, हे ठाऊक होतं. अण्णांनाही होतं.

पहिल्या दिवशी एवढंच चित्रण झालं: अण्णा पाठमोरे, डोक्यावर मी, काळा आणि सरळ, दार ढकलतात. दाराच्या आतलं काम दुसऱ्या दिवसावर ठेवलं. अण्णा तंबूत परतले तर म्हाताऱ्या जहागीरदाराचं काम करणारा बसवंत तापाने फणफणलेला, आणि कंपनीचा पांढरा टोप उंदरांनी कुरतडलेला.

"नागनाथ, आज पडदा उघडला नाही तर लोक तंबू पेटवतील," मल्हारराव म्हणाले.

"मी आहे की." अण्णांनी माझ्यासाठी सफेदा कालवायला घेतला.

गंगव्वा धावत आली. "अहो, उद्या तिकडं ह्योच टोप लागणार न्हवं?"

"मग? सकाळी स्वल्प रिठा लावला की झालं."

"तिथली रीत आपल्याला कुठं ठावं? इचारा तरी कुणाला."

"आता टोपाचं तू मला शिकीव!"

टोपाला तोंड नसतं, मित्रांनो. नाहीतर मी ओरडलो असतो.

सकाळी तिने मला तीनदा धुतलं, पण सफेदा मुळाशी चिकटून बसला. घाईघाईत चुलीवर वाळवलं तर माझे केस आक्रसून कुरळे झाले. अण्णांनी खोबरेल तेलात काजळ कालवून मला चोपडलं. "काळा झाला ना? मग सरी, ठीकच की," म्हणाले, पण गंगव्वाकडे न बघता.

स्टुडिओत दिवे लागले. ते भट्टीसारखे दिवे! माझ्यातलं काजळ वितळू लागलं. एक थेंब कपाळावर उतरला. अण्णा संवाद म्हणत होते, झकास म्हणत होते, आणि तो थेंब भुवईकडे निघाला होता. मी घट्ट आवळून धरलं स्वतःला. काही उपयोग झाला नाही.

"थांबवा!" जयतीर्थ नावाचे दिग्दर्शक उठले. "काल दाराबाहेर होता तो कोण? आणि आज आत आला तो कोण?"

"मीच की, साहेब."

"काल सरळ केस, आज कुरळे. दार ओलांडताना न्हावी भेटला काय?"

सगळे फिदीफिदी हसले. अण्णांना खरंच कळेना. नाटकात दारातून आत आलेला माणूस तोच असतो, संपलं. तुकड्या-तुकड्यांनी घेतलेला सिनेमा पुढे जोडतात, म्हणून केसाची बटही हलू द्यायची नसते, हे त्यांना कोणी सांगितलं होतं? कोणी नाही. "एवढं ठाऊक असावं लागतं," म्हणे! सांगायचं नाही आणि चुकला की हसायचं, ही कुठली विद्या?

"तासभर द्या, साहेब. धुऊन आणतो."

निर्मात्याचा मेहुणा सकाळपासून खुर्चीत बसून होता. निर्मात्याने त्याच्याकडे पाहिलं. मग जयतीर्थांनीही पाहिलं, आणि मान खाली घातली.

"तुम्ही या, अण्णा. टोप मात्र ठेवून जा. पाठीमागून हाच दिसलाय."

मला धुतलं, गरम चिमट्याने सरळ केलं. तासभरच लागला. मग मी मेहुण्याच्या डोक्यावर बसलो.

चित्रपट लागला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. दार ढकलणारी रुंद पाठ नागनाथअण्णांची आणि आत आलेलं तोंड मेहुण्याचं. एकाच्याही लक्षात आलं नाही. काम संपल्यावर मला या दुकानाला विकलं. अण्णा पुढे कुठे गेले, मला माहीत नाही. दुकानाचं दार करकरलं की आजही माझी जाळी ताणते.

मला जपा, उन्हात टाकू नका, हे मी सांगणारच. टोप आहे मी. पण मी फाटलो तर दुसरा विणता येतो. पडद्यावर नुसती पाठ दिसली तरी एकदा विचारत जा, मित्रांनो: ही कोणाची? नाव कळेपर्यंत विचारा.