टेबलावर राहिलेले डबे

मी एक जुना फ्रीझर आहे. आईस्क्रीमचा नव्हे! कर्करोगाच्या प्रयोगशाळेतला, उणे ऐंशी अंशांचा. मित्रांनो, आज माझं डोकं फिरलेलं आहे, तेव्हा गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

कारखान्यातून नवा कोरा आलो तेव्हा माझं कोण कौतुक झालं! पुढे मात्र मला कोंबून भरायला सगळे, आणि दाराशी साचलेला बर्फ खरवडायची वेळ आली की एकेकाची पाठ दुखायची. तो खरवडायची एकटी ताई.

ताई डॉक्टरेट मिळवून पुढच्या संशोधनासाठी इथे आली होती. कर्करोगाच्या पेशीत काही चांगली जनुकं धडधाकट असूनही गप्प बसतात. त्यांना गप्प बसवणाऱ्या रासायनिक खुणा ती शोधत होती. रुग्णांच्या खाटेशी बसून, त्यांची परवानगी घेऊन तिने त्यांच्या गाठींचे तुकडे जमवले. औषधाआधीचे आणि नंतरचे. ते वितळले की खुणांचा पार विचका होतो, म्हणून मी ते जिवापाड जपले.

तिच्या नेमणुकीची मुदत संपली. प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, म्हणजे सरांनी, ती वाढवली नाही. तिने धडपडून दुसरीकडे जागा मिळवली, पण तिथल्यांनी अट घातली की हे नमुने आणलेस तरच ये. इकडे सरांनी लगेच नवी जाहिरात काढली: 'कर्करोग संशोधनात सुवर्णसंधी'. चिकटवली कुठे? माझ्याच दारावर! कसली डोंबलाची संधी!

नमुने वाटेत गोठलेले राहावेत म्हणून ताई कोरडा बर्फ आणायला गेली, तेवढ्यात सरांनी नव्या माणसासाठी कप्पा रिकामा करायला घेतला. तिच्या नमुन्यांचे डबे टेबलावर काढले आणि त्यांचा फोन वाजला. माझं दार सताड उघडं! मी जिवाच्या आकांताने भोंगा वाजवला.

"काय कटकट आहे या डबड्याची!" म्हणत त्यांनी भोंगा बंद केला, कोपराने दार ढकललं आणि नव्या उमेदवाराशी बोलत खोलीत निघून गेले. डबे टेबलावरच. येणारे-जाणारे बघत होते, पण दुसऱ्याच्या डब्याला हात लावायचा नाही हा आमच्याकडचा मोठा शिष्टाचार. जळो तो शिष्टाचार!

ताई आली. तिने डब्यातली एक नळी उचलून तिरकी केली. आतला तुकडा मऊ पडून खाली घसरला.

"अरेरे," सर म्हणाले, "पण होतं गं असं. पुन्हा जमव."

"कुणाकडून जमवू, सर? यातली निम्मी माणसं गेली."

ताईची नवी जागाही गेली.

मित्रांनो, मला उद्या खुशाल भंगारात घाला, मी हूं की चूं करणार नाही. पण मरणाऱ्या माणसाने विश्वासाने दिलेलं काही तुम्हाला असं बाहेर पडलेलं दिसलं, तर ते कुणाचं म्हणून विचारत बसू नका. आधी आत ठेवा.