तिसऱ्या रांगेत कोण बसलं होतं

मी गाड्यांच्या सीटा शिवतो. बावीस वर्षं हाच धंदा. फोम कापायचा, रेक्झिन बेतायचं, टाके घालायचे, आणि गिऱ्हाईक ‘कधी देता’ म्हणून डोकं खायला लागलं की ‘संध्याकाळी’ सांगून दुसऱ्या दिवशी द्यायचं. इंजिनातलं मला ओ की ठो कळत नाही. पण सीटवर हात फिरवला की तिच्यावर कोण बसत होतं ते मी सांगतो. पाकीट उजव्या खिशात ठेवणारा, पाय पोटाशी घेऊन बसणारी, नवऱ्यावर रुसून दाराला चिकटून बसणारी, सगळे आपापला खड्डा मागे ठेवून जातात. लोक मला भोचक म्हणतात. असेन. पण आजवर माझा अंदाज चुकलेला नाही, निदान दुसऱ्यांच्या गाड्यांत तरी नाही.

तर आम्हाला मोठी गाडी घ्यायची होती. जुनी, पण तीन रांगांची, उंच, सात जणांना पोटात घेणारी. घरात आम्ही सहा: मी, बायको, आई, बाबा, सोळा वर्षांची थोरली आणि बारा वर्षांचा धाकटा. असलेली गाडी पाच जणांची. नऊ वर्षांपूर्वी या घरात राहायला आलो त्याच वर्षी ती घेतली. तेव्हा हिशोब असा होता की धाकट्याला मांडीवर घ्यायचं आणि सगळ्यांनी जायचं. पण पहिल्याच सहलीला आईचे गुडघे मागच्या सीटवर मावेनात, तेव्हा बायको म्हणाली, “या वेळी मी थांबते.” मग पुढच्या वेळीही तीच थांबली. तिला प्रवासाची फारशी हौस नाही असं आम्ही सगळे धरून चाललो. दोघांनाच कुठं जायचं असलं तर स्कूटर होतीच.

मोठी गाडी घ्यायचं ठरलं तेही आईबाबांच्या गुडघ्यांसाठी, खोटं कशाला बोलू. ठरल्यावर थोरली म्हणाली, “मग आता सुट्टीत समुद्रावर आईलाही नेता येईल.” आम्ही सगळे म्हणालो, “अरे हो की.” बायको भांडी आवरत होती.

गाडी सापडली एका निवृत्त हेडमास्तरांकडं. आठ वर्षांची, पोर्चमध्ये कायम सावलीत उभी, रंग शाबूत. इंजिन माझ्या मेकॅनिक मित्रानं आदल्या दिवशीच तपासून पास केलं होतं. हेडमास्तर गाडीभोवती हात मागे बांधून फिरत होते आणि वर्गात बोलावं तसं बोलत होते.

“आम्ही घरात दोघंच. चालवणारा मी एकटा. आणि खरं सांगतो, मला चालवायची भीती वाटते. त्यामुळे गाडी फारशी फिरलेलीच नाही. आकडा पाहून घ्या.”

आकडा मी पाहिला नाही. आकडा मागे फिरवता येतो. मी पेडलचं रबर पाहिलं, खोबणी नव्यासारख्या. ड्रायव्हरची सीट जेमतेम दबलेली. शेजारची तशीच. मधली रांग तर दुकानातून काल आणल्यासारखी. माणूस खरं बोलत होता. मला बरं वाटलं, आणि आता निघावं म्हणून नुसता नेम म्हणून मी मधली सीट पुढे पाडून तिसऱ्या रांगेत डोकावलो.

उजव्या कोपऱ्यात हा एवढा खड्डा.

मी आत शिरलो. गुडघे हनुवटीला लावून बसलो आणि बोटांनी चाचपलं. फोम पार मेलेला. खिडकीखालचं प्लास्टिक कोपर टेकून टेकून गुळगुळीत झालेलं. मधली सीट पाडायचा जो खटका असतो, त्याचा रंग उडालेला. म्हणजे कुणीतरी शेकडो वेळा हा खटका ओढून इथं येऊन बसलं होतं. घरात माणसं दोन. त्यातला एक चालवणार. मग दुसऱ्यानं पुढच्या चार मोकळ्या जागा सोडून मागच्या बिळात का बसावं?

त्याहून एक गोष्ट मला खटकली. चालत्या गाडीत माणूस वळणावर इकडंतिकडं घसरतो, त्यामुळे सीटच्या कडा झिजतात, शिवण उसवते. इथं कडा कोऱ्या होत्या. नुसता खड्डा. असा खड्डा मी फक्त दवाखान्यातल्या बाकांवर पाहिलाय.

“मागे कोण बसायचं?” मी विचारलं.

“मागे?” हेडमास्तर खरंच गोंधळले. “मागे कुणीच नाही.”

उद्या कळवतो म्हणून निघालो. पण डोक्यात किडा वळवळायला लागला. दुकानात एका गिऱ्हाइकाचं डावं कव्हर उजवीकडं शिवून बसलो आणि वर त्याच्यावरच चिडलो.

जेवताना घरात सगळ्यांना सांगितलं. मग काय, ज्याला त्याला अक्कल फुटली.

“कुत्रा,” धाकटा म्हणाला.

“कुत्रा खटका ओढतो होय रे?”

“आकडा मागे फिरवलाय,” बाबा म्हणाले. त्यांना जगात सगळेच आकडे मागे फिरवलेले वाटतात. “भाड्यानं चालवली असणार.”

“भाड्याची माणसं मधली रांग सोडून मागे जातील का बाबा?”

“बाई रुसकी असेल,” आई म्हणाली. “मी नाही का, एकदा तुझ्या बाबांशी आठ दिवस बोलले नव्हते.”

“पंधरा,” बाबा म्हणाले.

थोरलीचं म्हणणं, कुणीतरी तिथं लपून फोनवर बोलत असणार. ते मला जरा पटलं, आणि मग ही स्वतः कुठं लपून बोलते या विचारानं मी तिच्याकडं जरा निरखून पाहिलं.

बायको वाढत होती. पातेलं खाली ठेवून म्हणाली, “उद्या मी येते बघायला.”

सगळे तिच्याकडं बघायला लागले. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण फ्रीज असो, हे घर असो की माझी शिवणयंत्रं, तिनं ‘तुम्ही बघून या’ याच्यापुढं कधी काही म्हटलं नव्हतं.

“तुला गाडीतलं काय कळतं?” मी म्हणालो. आता आठवलं की लाज वाटते, पण म्हणालो.

“काही नाही. म्हणून तर बघते.”

दुसऱ्या दिवशी दुपारी स्कूटरवरून गेलो. मी हेडमास्तरांशी कागदांचं बोलत होतो तोवर बायकोनं दार उघडलं, खटका तिला कसा सापडला देव जाणे, सीट पाडली आणि सरळ मागच्या उजव्या कोपऱ्यात जाऊन बसली. दार ओढून घेतलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ती बाहेर येईना. काचेतून पाहिलं तर डोकं मागे टेकून शांत बसलेली.

“वहिनींना आवडलेली दिसते,” हेडमास्तर म्हणाले.

“झोप लागली असेल,” मी म्हणालो. आतून मी तापलो होतो. रहस्य माझं, खड्डा मी शोधलेला, आणि ही तिथं जाऊन ठाण मांडून बसली होती.

तेवढ्यात घरातून हेडमास्तरांच्या बाई पाणी घेऊन आल्या. उंच, सडसडीत, चष्म्याला दोरी लावलेली. त्यांनी गाडीच्या काचेतून आत पाहिलं आणि त्यांच्या हातातला ट्रे थांबला. आत माझी बायको, बाहेर त्या. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या आणि मग दोघी एकदम हसल्या. ट्रे माझ्या हातात देऊन बाई दार उघडून आत गेल्या. दार बंद. आत काय बोलणं चाललं होतं ते ऐकू येईना. मी आणि हेडमास्तर हातात पेले धरून पोर्चमध्ये उभे.

“तुमच्या बाई गाडीत बसतात का कधी?” मी शेवटी विचारलं.

“ती? छे. तिला गाडीचा तिटकारा आहे.”

परत येताना स्कूटरवर मला धीर धरवेना. “काय म्हणाल्या?”

“समोर बघून चालवा.”

सिग्नलला थांबल्यावर मी मान वळवली. “आता सांग.”

“गाडी घेतली तेव्हा त्यांच्या घरात नऊ माणसं होती,” ती म्हणाली. “सासू, दोन दीर, जावा, मुलं. बाईंना बसायला म्हणून जागा नव्हती. जिथं टेकतील तिथं कुणीतरी काम सांगायचं. दुपारी शेजारी जाते म्हणून त्या गाडीत जाऊन बसायच्या. पुढं बसलं तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं. मागच्या उजव्या कोपऱ्यातलं नाही दिसत. तिथं पुस्तक वाचायच्या. सहा वर्षं.”

“उभ्या गाडीत?”

“उभ्या गाडीत. आता सगळे पांगले, आख्खं घर मोकळं. म्हणून गाडी विकायला त्या हो म्हणाल्या. मास्तरांना अजून माहीत नाही.”

म्हणूनच कडा झिजल्या नव्हत्या. माझा अंदाज तंतोतंत बरोबर निघाला होता, फक्त त्याचा अर्थ मला लागला नव्हता. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला.

“तुला कसं कळलं?” मी स्कूटर पुढं काढत विचारलं.

“बसल्यावर कळलं.” मग पुढच्या चौकात माझ्या पाठीमागून म्हणाली, “छान जागा आहे. पण मला नको तसली. मला हलणारी गाडी पाहिजे.”

ती काय म्हणत होती ते मला त्या क्षणी कळलं नाही. मी म्हणालो, “हलेल की, इंजिन पास आहे.”

गाडी घेतली. दोन दिवसांनी जुनी गाडी देऊन टाकायची होती. म्हणून संध्याकाळी ती रिकामी करायला बसलो. पेन, नाणी, धाकट्याचा एक मोजा, बाबांची हरवलेली म्हणून घरभर बोंब झालेली डबी, सगळं निघालं. हात सवयीनं सीटवर फिरत होते. ड्रायव्हरची सीट, डावीकडं कललेली, तो मी. शेजारी बाबा, पुढच्या कडेला जास्त दबलेली, कारण ते घाबरून पुढं सरकून बसतात. मागे डावीकडं आई, रुंद आणि ऐसपैस. उजवीकडं थोरली, दाराला चिकटून. मधे धाकट्याच्या बुटांचे ओरखडे.

मी पुन्हा एकदा सगळीकडं हात फिरवला. मग बॅटरी आणली आणि पुन्हा फिरवला. बायको कुठंच नव्हती.

कधीमधी बसली असेलच ना. मी आठवायला लागलो. एकदा आठवलं, गाडी नवीन होती तेव्हाचं. ती मागे बसायला वाकली, हातात डबा होता, आणि मी म्हणालो होतो, “सांभाळून, कव्हर नवीन आहे.” त्यानंतरचं मला एकही आठवेना. दुसऱ्याच्या गाडीत कोण बाई कुठं बसली ते शोधायला मी दोन दिवस जिवाचं रान केलं होतं. मला माझाच राग आला, आणि तो काढायला समोर कुणी नव्हतं. घरात जाऊन तिला काही विचारायची हिंमत झाली नाही.

निघायच्या आधी मी दोन रात्री बसून नव्या गाडीच्या तिसऱ्या रांगेचा फोम बदलला. मग सुट्टीचा पहिला दिवस उजाडला. सकाळी सहाला गाडी दारात. बाबा सवयीनं पुढचं दार उघडून बसले. मी तोंड उघडणार तोच बायको मागून म्हणाली, “बसू द्या बाबांना. मला मधली खिडकी हवीय.” मुलं मागे घुसली, आई मधे टेकली. पिशव्या चढल्या. मी इंजिन सुरू केलं, आरसा नीट केला.

“चला,” मी म्हणालो.

“घराचं काय?” आई म्हणाली.

“घराचं काय म्हणजे?”

“उघडंय ना.”

मी इंजिन बंद केलं. दाराकडं पाहिलं. कडी होती, कोयंडा होता. “कुलूप कुठंय?” मी विचारलं.

बाबांनी आईकडं पाहिलं, आईनं थोरलीकडं. नऊ वर्षांत या घराला कुलूप लावलेलंच नव्हतं. रोज आईबाबा घरात असायचे, आणि ते आमच्याबरोबर सहलीला आले की बायको असायची. आमच्या घरात कुलूप नावाची वस्तूच नव्हती. सकाळी सहाला दुकान कुठलं उघडं मिळणार? बाबा म्हणाले, “मी थांबतो हवं तर.” धाकटा म्हणाला, “म्हणजे पुन्हा कुणीतरी घरीच?”

बायको अजून पायरीवरच उभी होती. तिनं पर्समधून एक खोका काढला. पुठ्ठ्याचा, कोपरे पिवळे पडलेले, वरची चिकटपट्टी तशीच. नखानं ती सोडवून तिनं आतून पितळी कुलूप बाहेर काढलं. दोन किल्ल्या, एकाच तारेत ओवलेल्या.

किल्ली फिरेना. मी खाली उतरलो, घरातून शिवणयंत्राचं तेल आणलं आणि दोन थेंब आत सोडले. किल्ली आतबाहेर करत विचारलं, “हे कधी घेतलंस?”

“पहिल्या सहलीच्या आदल्या दिवशी,” ती म्हणाली.

कुलूप उघडलं. मी ते तिच्या हातात दिलं. तिनं दार ओढलं, कडी घातली, कुलूप लावलं आणि दोनदा ओढून पाहिलं. एक किल्ली तिनं पर्समध्ये ठेवली, दुसरी माझ्याकडं दिली. मग गाडीत चढताना हातातली डब्याची पिशवी सीटपासून जरा लांब धरून म्हणाली, “कव्हर नवीन आहे ना?”

“ठेव,” मी म्हणालो. “सीटवरच ठेव.”