तिसऱ्या कप्प्यातली माती

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे आणि माझ्या पोटात दगड भरलेले आहेत. पेटी म्हटल्यावर तुम्हाला दागिने आठवले असतील तर माफ करा, तसलं नशीब मी घेऊन आले नाही. मीटरभर लांबी, पाच कप्पे आणि झाकणाला दोन कड्या, एवढाच माझा थाट. भूविज्ञान कार्यालयाच्या मागे पत्र्याची शेड आहे. तिथे माझ्यासारख्या तीनशे पेट्या एकमेकींच्या डोक्यावर बसून असतात. त्यांना कोणी विचारत नाही. मलाही कोणी विचारलं नसतं, तर आज ही रडकथा सांगायची वेळ आली नसती.

मला कार्यालयाच्या सुताराने बनवलं. "दगडांना काय गुळगुळीत लागतंय?" असं म्हणून त्याने मला रंधासुद्धा मारला नाही. आजही मला उचलणाऱ्याच्या बोटात कुसळ जातं आणि तो मला शिव्या घालतो. घालू द्या. ज्याने शिव्या खायला हव्यात त्याला कोणी घातल्या नाहीत.

मला पहिल्यांदा कामावर नेलं ते एका टेकडीवर. टेकडीच्या पायथ्याशी आठ घरांची एक रांग होती आणि वरच्या रस्त्याला हातभर लांब भेग पडली होती. टेकडी आतून घट्ट आहे की नाही, हे पाहायला कार्यालयाने एक बाई पाठवल्या होत्या. त्या भूवैज्ञानिक. कार्यालयात सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. बोअरचं मशीन चालवायला काका होते. तीस वर्षं त्यांनी जमिनीला भोकं पाडली होती. त्या आठ घरांतलं तिसरं घर काकांचं होतं. ते आणि काकू, दोघंच राहत.

बोअरमधून खडकाच्या गोल कांड्या वर येतात. किती खोलीवरची कांडी कुठली, ते लिहून त्या ओळीने पेटीत मांडतात. दहाव्या मीटरपासून पंधराव्या मीटरपर्यंतची जमीन माझ्या वाट्याला आली. पहिले दोन कप्पे काळ्या, टणक दगडाने भरले. मग मशीनचा आवाज बदलला. काकांनी लगेच पाणी कमी केलं, वेग कमी केला आणि मशीनच्या अंगावर हात ठेवून उभे राहिले. तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. बराच वेळ गेला. नळी वर आली तेव्हा तिच्यात चार बोटं जाडीचा, राखाडी मातीचा एक थर होता. अखंड.

मित्रांनो, ही गोष्ट सोपी नाही. अशी मऊ माती बोअरच्या पाण्याबरोबर वाहून जाते. वर येतात ते फक्त दगड, आणि लोक म्हणतात, खाली दगडच आहे. काकांनी ती जशीच्या तशी आणली होती.

काकांनी चिमूटभर माती घेतली आणि पुढच्या दातांत धरून चावली. तुम्हाला किळस वाटेल, पण या धंद्यातली ही जुनी पद्धत आहे. दातांत रेती कचकचली तर साधा गाळ, नाही कचकचली तर निव्वळ चिकणमाती. काका बराच वेळ चावत राहिले.

"दातांत काहीच लागत नाही, बाई," ते म्हणाले. "लोणी आहे नुसतं."

बाईंनीही चिमूट घेऊन चावली. मग त्यांनी खालच्या आठ घरांकडे पाहिलं.

"म्हणजे वरचा सगळा डोंगर या लोण्यावर बसलाय," त्या म्हणाल्या. "ही पाणी प्यायली की तो खाली यायला वेळ लागणार नाही. काका, तुम्ही घर सोडा."

"तुम्ही कागद करा," काका म्हणाले. "कागद निघाला की आठही घरांना दुसरी जागा मिळेल. मी एकटा कुठे पळू? शेजारी तोंडात शेण घालतील."

ती माती माझ्या तिसऱ्या कप्प्यात ठेवली, वर ओलं फडकं घातलं. तो माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा मान होता. अंगाला रंधा नसला तरी आपण कोणीतरी आहोत, असं मला तेव्हा वाटलं.

बाईंनी अहवाल लिहिला. साहेबांच्या टेबलावर तो आठ महिने पडून राहिला. साहेब म्हणजे कार्यालयाचे प्रमुख. वाईट माणूस नव्हता हो, हेच तर दुखणं आहे. बोलायला गोड, कोणाला नाही म्हणायचे नाहीत, आणि हो म्हटलेलं करायचे नाहीत. मातीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायलाही त्यांची सही हवी होती. "बघतो, बाई," असं ते दर सोमवारी म्हणायचे. बाई दर सोमवारी शेडमध्ये येऊन माझं फडकं ओलं करायच्या आणि निघून जायच्या.

मग वरून पत्र आलं की कार्यालयाने आपलं संशोधन जनतेपुढे मांडावं. साहेब खुलले. एका रविवारी सगळं खुलं ठेवायचं ठरलं. भूकंप मोजण्याचं यंत्र, सूक्ष्मदर्शक, नकाशे, चमकणारे स्फटिक, सगळं टेबलांवर मांडायचं आणि लोकांना समजावून सांगायचं. बाईंना ही कल्पना मनापासून आवडली. त्यांचं म्हणणं असं की साहेब ऐकत नाहीत तर लोकांना तरी कळू द्या. लोकांनी ही माती स्वतःच्या बोटांनी दाबली तर तेच कागद मागतील. म्हणून त्यांनी मला शेडमधून काढलं, फडक्याने पुसलं आणि दाराजवळच्या टेबलावर ठेवलं. वर स्वतःच्या अक्षरात पाटी लावली: 'हात लावून पाहा.'

पहिल्या तासात काकू आल्या. काकांनीच त्यांना आणलं होतं, आपण काय काढलं ते दाखवायला. काकूंनी तिसऱ्या कप्प्यात बोट दाबलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अहो, ही तर आपल्या मोरीमागून निघते," त्या म्हणाल्या. "पाऊस झाला की भिंतीच्या फटीतून येते. मी दर वर्षी पोचाऱ्याने पुसून काढते."

बाईंनी काकूंचा हात धरला आणि म्हणाल्या, "काकू, हे तुम्ही आज साहेबांना सांगा. सगळ्यांसमोर." काकू तयार होत्या. पण तेवढ्यात पाहुणे आले आणि साहेबांनी बाईंना स्फटिक दाखवायला बोलावलं. "तुमच्याइतकं छान कोणी सांगत नाही," असं म्हणून त्यांना संध्याकाळपर्यंत सोडलंच नाही. काकू तास-दीड तास दारात उभ्या होत्या. मग काकांबरोबर घरी गेल्या.

आणि माझ्यापाशी, मित्रांनो, समजावून सांगायला कोणी नव्हतं. सहाशे माणसं आली. काळ्या दगडावर सगळ्यांनी एकेक टिचकी मारली आणि माती मात्र सगळ्यांना आवडली. किती मऊ आहे, किती गार आहे. एका बाप्याने तिची गोटी वळली आणि खिशात घातली. एका मुलीने हत्ती केला, तिच्या भावाने त्याची सोंड तोडली. एक शिक्षिका वर्ग घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "गर्दी करू नका, सगळ्यांना थोडी थोडी मिळेल." खरंच सगळ्यांना मिळाली. प्रत्येकाने पाटी वाचली होती. पाटीखालचे दोन परिच्छेद, ज्यांत त्या आठ घरांबद्दल लिहिलं होतं, ते वाचायला कोणाला सवड झाली नाही. मी लाकूड. मी काय ओरडणार?

संध्याकाळी बाई आल्या आणि तिसऱ्या कप्प्यात पाहिलं. तिथे थोडासा राखाडी डाग होता. त्या माझ्याशेजारी जमिनीवरच बसल्या. "मीच पाटी लावली," एवढंच त्या दोन-तीनदा म्हणाल्या. साहेब मात्र खूश होते. वर्तमानपत्रात फोटो आला.

बाराव्या दिवशी समिती आली. अहवाल शेवटी टेबलावरून हलला होता. समितीतले तिघं शेडमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "दाखवा ती माती." बाईंनी फोटो दाखवला. "फोटोत काय, कुठलीही माती तशीच दिसते," त्यांतला एक म्हणाला. काका पुढे झाले आणि म्हणाले, "साहेब, मी स्वतः चावून पाहिलीय." ते तिघं हसले. त्या हसण्याची चीड मला अजून येते.

समितीने दुसरं बोअर घ्यायला सांगितलं. काकांचं घर तिथेच म्हणून काकांना त्या कामावर जायची मनाई झाली. बाहेरची माणसं आली. त्यांना पुढच्या कामावर पोहोचायची घाई होती. त्यांनी भसाभस पाणी सोडलं आणि एका दिवसात भोक पाडून मोकळे झाले. वर फक्त दगड आले. अहवालात लिहिलं: मातीचा थर आढळला नाही.

"वाहून गेली, बाई. त्यांनी धुऊन काढली," काका शेडमध्ये येऊन म्हणाले. बाईंनी तसं पत्र लिहिलं. मग त्यांची बदली झाली.

काकूंनी दोन ट्रंका भरून ठेवल्या होत्या. काका म्हणत, कागदावर टेकडी घट्ट आहे, आता शेजाऱ्यांना काय सांगून निघू? काकू म्हणत, कागद राहू दे, माझं बोट खोटं बोलत नाही. हे सगळं काका नंतर सुताराला सांगत होते, माझ्यासमोर बसून. त्यांचा आवाज इतका सपाट होता की सुताराने हातातली करवत खाली ठेवली.

पावसाळा सरत आला होता. गुरुवारी, भर दुपारी, काका दुसऱ्या गावी मशीनवर असताना टेकडी खाली आली. आठ घरांतली पाच गेली. दिवसाची वेळ म्हणून बाकीची माणसं कामावर होती. काकू मोरीत कपडे धूत होत्या.

मित्रांनो, गोष्ट इथे संपली असती तरी पुरे होतं. पण कार्यालयाने पुढच्या वर्षी पुन्हा दारं उघडली. पुन्हा मला पुसलं. या वेळी माझ्यावर काचेचं झाकण आलं आणि छापील पाटी आली: 'दरड का कोसळते? आमच्या कार्यालयाने आधीच ओळखलेला थर.' पण थर कुठे होता? तिसरा कप्पा रिकामा बरा दिसत नाही, म्हणून साहेबांनी रोपवाटिकेतून पिशवीभर माती आणवली. ती माझ्या कप्प्यात थापली, वरून हात फिरवून गुळगुळीत केली आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'हात लावू नका.' लोक येत होते, वाचत होते आणि "अरे वा, यांना आधीच कळलं होतं," असं म्हणत होते. इतकी लाज मला रिकामी असतानाही वाटली नव्हती.

दुपारी काका आले. इतरांसारखे रांगेत उभे राहून. त्यांनी पाटी सावकाश वाचली, मग काच उचलली. टेबलावरच्या कारकून बाई म्हणाल्या, "काका, हात लावायचा नाहीये."

काकांनी बोट दाबलं, चिमूट घेतली आणि पुढच्या दातांत धरून चावली. मला कचकच ऐकू आली.

"रेती आहे हिच्यात," ते म्हणाले. "ती अशी नव्हती. ती दातांत लागत नव्हती."

कारकून बाईंना काही समजलं नाही. रांगेतल्या लोकांनाही नाही. काकांनी रुमालात थुंकी टाकली, काच जपून परत ठेवली आणि निघून गेले. नंतर ते कधी आले नाहीत.

मित्रांनो, कार्यालयं तुमच्यासाठी दारं उघडतील तेव्हा जरूर जा. यंत्रं पाहा, दगड हाताळा. पण पाटीखालचं बारीक अक्षरही वाचा, ते कोणाच्या तरी घराबद्दल असतं. आणि कधी माझ्याकडे आलात, तर तिसऱ्या कप्प्यात नीट पाहा. त्या थापलेल्या मातीत काकांच्या बोटाचा खळगा आहे. माझ्या पाच कप्प्यांत आता तेवढीच एक गोष्ट त्या आठ घरांबद्दल खरं सांगते. साहेब म्हणतात, पुढच्या रविवारच्या आत तो लिंपून घ्या. मी हात जोडू शकत नाही, मला हात नाहीत. तुम्ही तरी त्यांना सांगा, तो लिंपू नका.