हळद लावलेली सुरमई

मी एक जुने पीसीआर यंत्र आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात खिडकीखाली माझे टेबल आहे. जन्म परदेशी कारखान्यातला, पण मुरलो इथल्या धुळीत. तापायचे, निवायचे आणि नळीतल्या डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या लाखो प्रती काढायच्या, एवढेच माझे काम. ते मात्र मी चोख करतो.

मित्रांनो, सुरमईच्या भावकीत दिसायला सारखे मासे पुष्कळ. सोलून तुकडे केले की भलेभले फसतात. मी आणि इथल्या प्राध्यापक विजयमाला मॅडम फसत नाही. समुद्र कधी पाहिला नाही, तरी शेकडो मासे मी वेगळे ओळखून दिले. वर्तमानपत्रात माझा फोटोही आला. पुढे माझा पंखा घरघरू लागला आणि नाव भंगाराच्या यादीत गेले. फार वाईट वाटले.

त्याच आठवड्यात मिरजगावच्या बाजारात मासळी विकणाऱ्या लंकाबाई डबा घेऊन आल्या. हायवेवरच्या खानावळीचे काकासाहेब भर बाजारात त्यांना म्हणाले होते, "ही सुरमई न्हाई. तपासून आना, मंगच हितं बसा."

"मॅडम, वीस वर्सं मासळी इकते. फसवून कदी इकली न्हाई." लंकाबाईंनी डबा पुढे सरकवला.

मॅडमनी दोन नळ्या लावल्या. एक सुरमई ओळखणारी, दुसरी तिच्या भावकीतला मासा ओळखणारी. मी जीव तोडून राबलो, पण दोन्हींतून काहीच आले नाही! "संपलं याचं," मॅडम पुटपुटल्या. घाईत त्यांनी खात्रीच्या सुरमईचा ओळखीचा नमुना सोबत लावलाच नव्हता; लावला असता तर दोष माझा नाही हे कळले असते, पण हे मी कसे सांगणार?

डबा परत देताना मॅडमचे बोट पिवळे झाले.

"हळद लावली होती?"

"मंग! हळद-मीठ लावल्याबिगर मासा हितवर यष्टीनं आनतं का कुनी?"

मॅडमनी कपाळावर हात मारला. हळद-मिठापुढे माझे काही चालत नाही; ते नळीत उतरले की प्रती निघतच नाहीत. त्याच माशाचा, बाजारात विकत घेतलेला आणि हळद न लावलेला एक तुकडा काकासाहेबांच्याच फ्रीजमध्ये होता. तो बर्फात घालून आणला. या वेळी ओळखीचा नमुनाही सोबत होता. सुरमईच्या नळीतल्या प्रतींची तपासणीच्या जेलवर ठसठशीत पट्टी उमटली, दुसऱ्या नळीची जागा कोरीच राहिली.

पुढच्या बाजारी काकासाहेबांनी सगळ्यांदेखत पहिला तुकडा मागितला. "चुकलो, लंकाबाई. सुरमई खरी हाय."

माझे नाव यादीतून खोडले गेले, नवा पंखाही बसला. मित्रांनो, जुन्या यंत्राला मोडके किंवा कष्टाच्या बाईला लबाड म्हणण्याआधी डब्यात हळद तर नाही ना, एवढे जरूर बघा.