मानाची बरगडी

जत्रा आठ दिवसांवर आली आणि रखमाजीनं अंथरूण धरलं. ताप नाही, खोकला नाही, तरी गडी आपला भिंतीकडं तोंड करून पडलेला. सगुणाबाईनं पहिल्या दिवशी काढा पाजला, दुसऱ्या दिवशी मीठमिरच्या उतरवून चुलीत टाकल्या आणि तिसऱ्या दिवशी तिचा तोंडाचा पट्टा सुटला.

"उठता का न्हाई? का हे सोंग घेऊन जत्रंपोतर पडायचं ठरवलंय?"

"मला यंदा जमायचं न्हाई," रखमाजी भिंतीलाच म्हणाला. "कारभारीला निरोप धाड. पहिला मान तूच घे म्हणाव."

हे ऐकून सगुणाबाई मटकन खालीच बसली.

आता हा मान काय, ते सांगितलं पाहिजे. भोकरदनच्या वाटेवरचं ते एवढंसं गाव, पण गावदेवीच्या जत्रेत मानपानाचा थाट असा की तहसील कचेरीनं खाली मान घालावी. पहाटे देवीचा बकरा पडला की एका अंगाच्या बरगड्या पहिल्या मानकऱ्याच्या घरी जायच्या, दुसऱ्या अंगाच्या दुसऱ्याच्या. ज्यानं त्यानं त्या घरी भाजायच्या. रश्शात टाकणं बिलकुल मना. दुपारी पंगत बसली की पहिल्या मानकऱ्यानं सगळ्यांदेखत एक बरगडी खायची, हाड लख्ख करून पत्रावळीच्या कडेला ठेवायचं, आणि मगच बाकीच्यांनी भाकरी मोडायची. हाडाला मांस चिकटून राहिलं तर मान तिथल्या तिथं दुसऱ्याकडं. पहिला मान रखमाजीच्या घरात त्याच्या पणज्यापासून चालत आलेला. दुसरा त्याच्या चुलतभावाचा, कारभारीचा.

"अवो, पण झालंय काय तुमाला?"

रखमाजीनं वळून बघितलं आणि तोंड उघडून दाखवलं. सगुणाबाईला ते ठाऊकच होतं, तिच्याशिवाय कुणालाच नव्हतं. उन्हाळ्यापासून त्याचे दात एकेक करून निघून गेले होते. आता तीन उरले होते, दोन वर, एक खाली, आणि त्या तिघांची आपसांत गाठ काही पडत नव्हती. झुपकेदार मिशांच्या आड सगळं झाकून जाई. भाकरी दुधात कुस्करून खायचा आणि कुणी विचारलं तर पित्त झालंय म्हणून सांगायचा.

"चार माणसांत मांस वढत बसू आन् ते सुटंना म्हणून ताटात टाकू? त्यापरीस आजारी बरा," तो म्हणाला, आणि पुन्हा भिंतीकडं वळला. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात सगुणाबाईनं ह्या माणसाला रागावताना बघितलं होतं, भांडताना बघितलं होतं, पण असा खचलेला कधी बघितला नव्हता.

"मान कुठं जात न्हाई," ती उठत म्हणाली. "लोण्यासारखी बरगडी करून घालते. मंग बघू."

म्हणाली खरं, पण करणार कशी? बरगड्या भाजायची लोखंडी जाळी सगळ्या भावकीत मिळून एकच, आणि ती कारभारीच्या घरी. सगुणाबाई मागायला गेली तर कारभारी ओट्यावर तंबाखू मळत बसलेला.

"जाळी लोहाराकडं टाकलीय, वैनी. जत्रंपोतर काय मिळायची न्हाई."

आणि जाळी त्याच्या पाठीमागंच, राखेनं घासून भिंतीला टेकवलेली. सगुणाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "लोहार लई हुशार दिसतोय, भावजी. तुमच्याच भिंतीला भाता लावलाय वाटतं!" एवढं बोलून ती तरातरा निघाली. खरं सांगायचं तर जाळी मिळाली असती तर रखमाजीचा निकालच लागला असता. उघड्या जाळावर बरगडी अशी वाळते की तरण्या माणसाचा जबडा दुखावा. पण रागाच्या भरात हे कुणाला सुचतंय?

बाजाराच्या दिवशी तिनं भोकरदनहून बकऱ्याच्या थोड्या बरगड्या आणवल्या आणि परसात चूल मांडली. पहिल्यांदा तिनं त्या नुसत्या उकडल्या. मऊ झाल्या, पण पांढऱ्याफटक. रखमाजी लांबूनच बघून म्हणाला, "ही पंगतीत नेली तर लोक म्हणतील, बाळंतिणीचं जेवण आणलं."

मग तिला तहसीलदारसाहेबाचा खानसामा आठवला. मागं साहेबाचा मुक्काम गावात पडला तेव्हा तो तिच्या परसातली कच्ची पपई मागायला आला होता. "अम्मा, पपई लगाव, गोश्त मक्खन होता," असं बोलला होता. किती वेळ लावायची ते मात्र त्यानं सांगितलं नव्हतं आणि हिनंही विचारलं नव्हतं. तिनं आपली पपई किसून रात्रभर लावून ठेवली. सकाळी शिजवायला घेतलं तर भांड्यात लापशी! रखमाजी मात्र वाटीभर चाटूनपुसून खाऊन गेला.

"लई भारी झालंय गं! हीच ने."

"आन् साफ काय करताल? हाड एकीकडं, मांस एकीकडं! वाटी पिऊन दाखवताल का पंगतीला?"

पण गडी अंथरुणातून उठून चुलीपाशी येऊन बसला, हे तिच्या ध्यानात आलं, आणि तिला हुरूप आला.

तिसऱ्या वेळी तिनं पपई लावली ती भाकऱ्या थापून होईपर्यंतच. वर आलं-लसूण, काळा मसाला, मीठ, दही. मडक्याच्या तळाला ज्वारीच्या ओल्या धाटांचे तुकडे आडवेतिडवे रचले, म्हणजे बरगडी बुडाला लागायची नाही, आणि पाणी घातलं ते वाटीभर. झाकणाच्या कडेला कणीक लिंपली. खाली गोवऱ्यांचा मंद विस्तव. सूर्य डोक्यावर यायच्या आत मडकं ठेवलं ते ऊन कलल्यावर उघडलं. मग बरगड्या खापराच्या परातीत मांडून तेलाचा हात फिरवला, त्यावर लोखंडी तवा पालथा घातला आणि तव्यावर रसरशीत निखारे ओतले. वरनं आच लागून बरगड्या तांबूस, खमंग झाल्या. शेवटी कांद्याच्या पापुद्र्यात एक निखारा ठेवून त्यावर तेलाचे चार थेंब सोडले आणि धूर कोंडून धरला. जाळी नसली म्हणून काय झालं? वास थेट जाळावर भाजल्याचा!

रखमाजीनं बरगडी उचलली. मांस हाडाला धरून होतं, पण ओठांनी ओढलं की अल्लद सुटून येत होतं. हाड पांढरंशुभ्र निघालं. न्हाव्याला बोलवून आण म्हणाला, दाढी करायची होती.

जत्रेच्या दिवशी दुपारी देवळापुढं पंगत बसली. एका बाजूला गडी, दुसऱ्या बाजूला बायामाणसं, मध्ये रामराव पाटील सगळं बघत उभे. सगुणाबाई त्याच रीतीनं केलेल्या बरगड्यांची टोपली मांडीवर घेऊन बसली होती. रखमाजीनं बरगडी कपाळाला लावली, मिशा बाजूला सारल्या आणि खायला लागला. बघता बघता हाड लख्ख! ते त्यानं पत्रावळीच्या कडेला ठेवलं आणि पंगतीनं देवीच्या नावाचा गजर केला.

"थांबा!" कारभारी शेजारच्या पाटावरनं ओरडला. "ही भाजलेली न्हाई. जाळीच्या रेघा कुठं हायत? आन् दादानं दात लावलाच न्हाई, नुसतं ओठांनी वढलं! त्याला म्हणाव, तोंड उघडून दाखव सगळ्यांला!"

सगुणाबाईला वाटलं, उठावं आणि ह्याच्या डोक्यात टोपली घालावी. पण तेवढ्यात रखमाजीनं स्वतःच मान वर केली आणि तोंड उघडलं, चांगलं आ करून, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांना दिसेल असं.

"तीन उरलेत," तो म्हणाला. "लाज वाटत होती म्हणून लपवले. आठ दिवस मी तोंड लपवून पडलो आन् आठ दिवस माझी बायको चुलीपुढं बसली. हाड साफ हाय का न्हाई, तेवढं बघा."

पाटलांनी हाड उचललं, उलटसुलट बघितलं, हुंगलं. "धुराचा वास बराबर हाय. आन् मानात दाताची अट माझ्या बापानं तरी कधी सांगितली न्हाई. कारभारी, लई बोललास, आता तू खाऊन दाखव. तुझी बरगडी खा, म्हंजे पंगत चालू करू."

कारभारीच्या पत्रावळीवर जाळीवरची बरगडी होती, काळ्या रेघा ओढलेली, रुबाबदार. त्यानं ती उचलली. तोंडापाशी नेली. परत खाली ठेवली.

"माझं जरा पोट दुखून राह्यलंय," तो म्हणाला.

लोक हसायला लागले. सगुणाबाई मात्र हसली नाही. तो चेहरा ती आठ दिवस घरात बघत होती. ह्याच्याही तोंडात काही नाही, ती मनात म्हणाली, आणि तिचा सगळा राग कुठल्या कुठं गेला. जाळी दडवणारा हा मेला आपल्या घरी असाच भिंतीकडं तोंड करून पडला असेल. ती उठली, गड्यांच्या पंगतीत शिरली आणि टोपलीतली एक बरगडी त्याच्या पत्रावळीवर ठेवली.

"भावजी, ही खावा. पोटाला सोसंल."

कारभारीनं तिच्याकडं बघितलं नाही. बरगडी तोंडाला लावली, ओढली, आणि चघळता चघळता त्याचे डोळे भरून आले. "दोन साल झाले, वैनी," तो म्हणाला, "दोन साल मी रश्शात भाकर बुडवून खाऊन राह्यलोय." मग हाड कडेला ठेवून तो मोठ्यांदा म्हणाला, "मान दादाचाच! कुणी काही बोलायचं न्हाई!"

आणि मग काय झालं म्हणता! त्या ओळीत बसलेल्या म्हाताऱ्यांना कंठ फुटला. "सगुणे, इकडं एक." "वैनी, माझ्याबी दाढा गेल्या गं." "अक्का, मला निम्मी दिली तरी चालंल." साठीच्या पुढची अख्खी भावकी इतकी वर्षं एकमेकांपासून तोंड लपवून बसली होती! सगुणाबाई वाटत सुटली. टोपलीत एकच उरली, ती तिनं स्वतःसाठी ठेवली होती. आठ दिवस खपली होती, तिला नको का?

तेवढ्यात रामराव पाटील तिच्यापाशी आले, इकडंतिकडं बघून वाकले आणि कानाशी पुटपुटले, "सगुणाबाई, ती मला द्या. माझे खालचे सगळे गेलेत. कुणाला बोलू नका."

सगुणाबाईला हळू बोलणं जन्मात जमलं नव्हतं.

"घ्या की पाटील!" ती खणखणीत आवाजात म्हणाली. "त्यात लाजायचं काय?"